बडनेऱ्याला उतरलेली गादी

कापसाचा एवढासा पुंजका, लॅपटॉपच्या दोन बटणांच्या फटीत अडकलेला — पौर्णिमा नखानं ओढायला जायची की तो आणखी आत सरकायचा, माहेरी आलेली लेक 'निघते, निघते' म्हणत थेट चुलीपाशी जाऊन बसते तसा. फुंकर मारून पाहिली. टाचणी लावून पाहिली. मग दिलं सोडून, कारण शनिवार होता, आणि शनिवारी सकाळी पौर्णिमा काम करत नसे. शनिवारी ती घरोघर डोकवायची.

म्हणजे असं, की आठवडाभर दुसऱ्यांच्या वेबसाइटी रंगवायच्या, आणि शनिवारी चहाचा कप घेऊन खिडकीत बसून त्याच वेबसाइटी मोबाइलवर उघडायच्या, आपण जशा काही त्या गावच्या नाहीच. दार नीट उघडतं का, फोटोतला मालक हसतो का दात दुखल्यासारखा दिसतो, फोन नंबर बोटाखाली येतो का पळतो. या आठवड्यात मोर्शीकडचा एक रोपवाटिकावाला होता, त्याला पहिल्याच पानावर संत्रं फिरायला पाहिजे होतं, फिरवलं, तर फोन आला, ताई, थांबवा थे, मले गरगर येऊन राहिली. एक मंगल कार्यालयवाला होता, त्याला साळ्याच्या वेबसाइटसारखी वेबसाइट हवी होती, पण साळ्याला रात्रीची झोप येणार नाही अशी. त्याला कोणता रंग द्यावा याचा तिनं सारा बुधवार विचार केला, कारण मत्सराचा रंग कोणता ते कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं... शेवटी जांभळा दिला. साळा दर्यापूरला राहतो म्हणे. आता त्याला झोप येते का नाही, हे काही मोबाइलवर दिसत नाही. अमरावतीत माणूस एक वेळ पाणी विचारायला विसरेल, पण 'जरा भडक करा ना मॅडम' म्हणायला विसरणार नाही; आणि खरं सांगायचं तर पौर्णिमेला हे सगळं आवडायचं, शनिवारी तर फारच, गावातली भांडणं आणि हौस आणि साळे-मेहुणे सगळे आपल्या बोटाखालून जातात असं वाटायचं.

शेवटची वेबसाइट तिनं मुद्दाम मागे ठेवली होती, ताटातला गोडाचा घास ठेवतात तशी. अकोल्याच्या मैनाबाईंच्या गादीच्या दुकानाची. हा कापसाचा पुंजका तिथलाच, मागच्या वेळी फोटो काढायला गेली तेव्हा चिकटून आलेला. मनोजच्या वेबसाइटींच्या ऑफिसातली नोकरी सोडल्यावर बाकीची कामं त्याच्याच ओळखीनं आली होती; तिनं स्वतःच्या हिमतीवर मिळवलेलं हे पहिलं काम, गुरुवारी संध्याकाळी लोकांसाठी उघडलेलं, आणि पानाच्या तळाला, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरात — रचना : पौर्णिमा इंगळे, अमरावती. इतकी वर्षं तिथं मनोजचं नाव जायचं. तिनं अंगठ्यानं पान खाली सरकवलं, नाव पाहिलं, वर नेलं, पुन्हा खाली सरकवून नाव पाहिलं. मग सहज, गोडाच्या घासावर तूप घ्यावं तसं, 'आमच्याविषयी' उघडलं.

आणि तिथं लिहिलं होतं :

'सन कोणतं ते विचारू नका, पण त्या साली वऱ्हाडात कापूस इतका पिकला की आपण कोण आणि कापूस कोण हे ढगांनाच कळेना. त्या कापसाची पहिली गादी आमच्या दुकानात भरली आणि लगीनघरी गेली. हळद लागलेला नवरदेव अंगणात त्या गादीवर झोपला. पहाटे वारा सुटला, आणि गादी नवरदेवासकट उडाली ती थेट बडनेऱ्याच्या फलाटावर उतरली. तिकीट तपासनीस म्हणाला, तिकीट दाखवा. नवरदेव म्हणाला, साहेब, मी चढलोच नाही तर तिकीट कसलं, मी तर अजून झोपलेला आहे. तपासनिसानं गादीला हात लावून पाहिला आणि तोही शेजारी आडवा झाला. गाडी आली, गाडी गेली. आजही आमची गादी घेऊन कुणी बडनेऱ्यावरून गेलं, तर तिकीट विचारायची कुणाची छाती होत नाही.'

चहा कपातच राहिला. कानामागून काहीतरी गरम गरम खाली उतरलं...

हे तिनंच लिहिलं होतं. पण राहू देण्यासाठी नव्हे. नव्या वेबसाइटीत मालकाचा मजकूर येईपर्यंत जागा भरून ठेवावी लागते. मनोजच्या ऑफिसात त्यासाठी एक परदेशी, अर्थ नसलेली अक्षरं टाकायचे, आणि एका ढेप-सरकीच्या व्यापाऱ्यानं ती वाचून 'मले समजत नाई, पण बरोबरच असंन' म्हणून वर्षभर तशीच राहू दिली होती. मग पौर्णिमेनं साधं मराठी टाकून पाहिलं — आम्ही दर्जेदार सेवा देतो — तर ते कुणी काढेचना, बडनेऱ्यापासून बाळापूरपर्यंत सगळे दर्जेदार सेवा द्यायला लागले. तेव्हा तिला सुचलं, की नव्या घरावर काळं मडकं टांगतात ना, मुद्दाम ओंगळ, तसं काहीतरी टांगावं. इतकं खोटं लिहावं, इतकी मोठी थाप, की मालक वाचल्याबरोबर म्हणेल, काढ वो बाई हे, आणि तासाभरात स्वतःची खरी माहिती पाठवेल. आणि पाठवायचे. मनोज हसायचा, म्हणायचा, तू कामापेक्षा फोकनाडात, थापा मारण्यात हुशार. कधी म्हणून कधी ही युक्ती फसली नव्हती. पण मैनाबाईंनी काही पाठवलंच नाही. विचारलं तर म्हणायच्या, मायं काय हाये सांगण्यासारखं, कापूस आनतो, पिंजतो, भरतो, शिवतो, लोकं झोपतात. आणि गुरुवारी त्यांच्या सुनेनं, मायानं, 'फोटो छान आलेत' एवढा निरोप पाठवला, त्या आनंदात पौर्णिमेनं दुकान उघडून दिलं आणि काळं मडकं दारावर तसंच.

आणि कुणाच्या दारावर, तर मैनाबाईंच्या. ज्यांनी पाटीवरचा 'सुप्रसिद्ध' हा शब्द पेंटरला 'कोनं म्हटलं?' असं विचारून खरडायला लावला होता. ज्यांनी पहिल्या भेटीत, नाकावरचा फडका खाली ओढून, तिला सांगितलं होतं — एक ध्यानात ठेवजो पोरी, माया दुकानात खोटं चालत नाई, कापसात नाई आन बोलन्यातही नाई, ज्याले चालते त्यानं बाजूच्या दुकानात जावं.

अंगठा काढून टाकायच्या बटणावर गेला. एका टिचकीचं काम. आणि तिथंच, आठवडाअखेरची सवय म्हणून, तिनं आधी आकड्यांचं पान उघडलं, कुठल्या पानावर किती माणसं आली ते दाखवणारं. नव्या वेबसाइटीची रेघ तिथं नेहमी उन्हात वाळत घातलेल्या दोरीसारखी आडवी पडलेली असते. ही रेघ उभी होती. नागानं फणा काढावा तशी. आणि लोक पहिल्या पानावर नव्हते, गाद्यांच्या किमतींच्या पानावर नव्हते, सगळे जण 'आमच्याविषयी'त घुसून बसले होते आणि बाहेर यायला तयार नव्हते.

वाचून राहिले... मले वाचून राहिले लोकं.

तिच्या धंद्याचं सगळं शास्त्र एकाच गोष्टीवर उभं होतं, की कुणी काही वाचत नाही. फोटो मोठे घ्या, अक्षरं कमी करा, बटण भडक ठेवा, कारण कुणी काही वाचत नाही. तिनं हे इतक्या लोकांना समजावलं होतं, की देवळात घंटा वाजवावी तसं ते तोंडातून आपोआप वाजायचं. आणि आता कुठल्या कुठल्या गावची माणसं — परतवाडा, शेगाव, एक तर दुबईतून — तिच्या थापेत बूड टेकून बसली होती. पोटात पोळ्याचे बैल सुटले. भीती होती, होतीच. पण भीतीच्या शिंगांनाही कुणी बेगड लावलं होतं.

तेवढ्यात मायाचा निरोप आला. 'सासूबाईंनी वाचून घेतलं. सकाळपासून परत परत वाचायला लावतात. बोलत नाहीत काही. तुम्हाला दुकानात बोलावलं आहे. आजच या.'

"काय झालं, लाइन गेली का?" आईनं, वच्छलाबाईंनी, आतून विचारलं. हातात सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी, निवडता निवडता उठून आलेली.

"नाई. काम जाते वाटते हातचं."

"मंग हसून काहून राहिली?"

"मी हसून राहिली का?"

"लहानपनीही अशीच. बरनी फुटली का पहिले हसे आन मंग पळे." आईनं सगळं ऐकून घेतलं, निवडलेली काडी परत जुडीत खोचली. "काढून टाक ना मंग थे. तुयाच हाती हाये ना?"

हातात होतं, म्हणूनच तर पंचाईत. पौर्णिमेनं स्वतःला समजावलं, की त्यांनी वाचलंच आहे, आता काढणं म्हणजे पळून गेल्यासारखं दिसेल, आधी तोंड दाखवावं, माफी मागावी. हे सगळं खरं होतं आणि कारण हे नव्हतं. कारण तिनं स्वतःलाही सांगितलं नाही. ओढणी घेतली, चपला घातल्या आणि अकोल्याची एसटी धरली.

बडनेरा आलं तेव्हा तिनं उगीचच मान वळवून स्टेशनच्या बाजूला पाहिलं. काय पाहून राहिली मी... गादी? उन्हं छान पडली होती, रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टरमधून सांडलेला कापूस बाभळीच्या काट्यांना लोंबत होता, जशी काही बाभळीलाच फळं धरली होती, आणि तिला वाटलं मैनाबाई रागावतील, तोंडावर सांगतील, नाव काढ तुयं आन वेबसाइट घेऊन जा. गावागावात सांगतील. त्या खोटं बोलत नाहीत म्हणून त्यांचं सगळे ऐकतात. मग परत मनोजच्या ऑफिसात जाऊन... मनोज काही बोलणार नाही, खुर्ची पुढं सरकवेल फक्त, ते जास्त वाईट.

"मी तुले वाचून दाखवतो, थांब," पुढच्या सीटवरचा मफलरवाला शेजाऱ्याला सांगत होता. "अकोल्याची गादी हाये. ग्रुपवर आली. नवरदेवासगट उडाली म्हनते."

पौर्णिमा सीटवर पुढं सरकली. मफलरवाला वाचायला लागला. वाचत कसला, चष्मा कपाळावर आणि सांगतोय मनानंच. नवरदेवाच्या हातात कट्यार आली. वाऱ्याची वावटळ झाली. आणि गादी...

"...आन उतरली थे मूर्तिजापूरच्या फलाटावर."

"बडनेऱ्याच्या," पौर्णिमा म्हणाली.

दोघांनी वळून पाहिलं.

"बडनेऱ्याले उतरली. मूर्तिजापूरले नाई."

"तुमाले काय मालूम ताई?" मफलरवाला समजुतीनं म्हणाला, लहान लेकराशी बोलावं तसा. "माया साडभाऊ मूर्तिजापूरले रेल्वेत हाये. त्यानं सोता पाह्यली. गादी उचलाले हमाल बोलावले, तं हमालही झोपले."

हमाल. हमाल मले सुचलेच नाई. ती खिडकीकडे तोंड करून ओढणीत हसली, इतकी की शेजारच्या बाईला वाटलं पोरगी रडते, आणि तिनं मुकाट्यानं शेंगदाण्याची पुडी पुढं केली. आपण आत घ्यायला विसरलेलं एक लेकरू आणि ते असं हात सोडून धावत सुटलेलं, वाटेत लोक त्याला टोप्या-अंगडी घालतात, हातात कट्यार देतात... त्याला परत घरात घालून कडी लावायची? का त्याच्यामागं धावायचं? मूर्तिजापूर गेलं. बोरगाव मंजू गेलं. अकोला जवळ आलं तशी कानामागची ती गरम धार पुन्हा उतरायला लागली.

दुकानात पिंजायचं यंत्र चालू होतं आणि सगळी हवा पांढरी. चार बाया जमिनीवर बसून गाद्यांना टाके घालत होत्या, कापसानं सगळ्यांच्या भुवया पिकलेल्या, पोरगी कोण आणि सासू कोण ओळखू येऊ नये. मैनाबाईंनी तिला पाहिलं, नुसतं बोटानं स्टूल दाखवलं आणि यंत्र काही बंद केलं नाही. पौर्णिमा बसली. त्या आवाजात माफीची वाक्यं जुळवता येईनात. जुळवायला घेतली की मधेच नवरदेव गादीवर उठून बसायचा. मावशी, माझी चूक झाली... तपासनिसानं टोपी उशाला घेतली होती का?... मावशी, मी आत्ता काढून टाकते... गाडी आली तेव्हा ड्रायव्हरनं भोंगा वाजवला असेल का, का त्यानं म्हटलं असेल, जाऊ द्या, झोपलेत बिचारे...

यंत्र थांबलं. एवढी शांतता झाली की कापूस खाली बसताना ऐकू यावा.

"जयभीम, मावशी."

"जयभीम." मैनाबाईंनी फडका खाली घेतला. "वारा कोनीकडचा होता?"

"काय?"

"गादी अकोल्याहून बडनेऱ्याकडे गेली म्हनतं तू. म्हनजे मावळतीकून उगवतीकडे. असा वारा कधी सुटते?"

"...उन्हाळ्यात?"

"मंग उन्हाळा लिहाले काय झालं होतं? आन उन्हाळ्यात कोनता शहाना नवी गादी अंगनात टाकते? बाज टाकतेत, तिच्यावर वाकळ. गादी तापते." त्यांनी कापसाची एक लड चिमटीत धरून ताणली, उजेडात पाहिली, जशी काही थापही त्या तशीच ताणून पाहत होत्या, कुठे तुटते ते. "नवरदेव हट्टी असंन तं गोठ निराळी."

"मावशी, चूक झाली. थे तात्पुरतं टाकलं होतं म्या, तुमची माहिती येईपर्यंत. मी आत्ता काढून टाकतो."

"मी काढाले सांगितलं का?"

टाके घालणाऱ्या बायांच्या सुया थांबल्या. माया चहा घेऊन आली होती, ती कप धरून तशीच उभी.

"ही गोठ तुले कोनं सांगितली?"

"कोनंच नाई."

"आठवून पाह्य. बोरगावचं कोनी भेटलं होतं? इकडचं कोनी म्हातारं?"

"नाई मावशी. काहून?"

मैनाबाई खाली बसल्या, कापसाच्या ढिगाला टेकून, आणि सांगायला लागल्या तेव्हा तिच्याकडे पाहत नव्हत्या. त्यांचे मालक, देवमन, दहाबारा वर्षं झाली जाऊन. लग्नाच्या दिवशी उशिरा आले होते. मांडवात लोक बसलेले, सावल्या लांबल्या, नवरी नटून तयार आणि नवरदेवाचा पत्ता नाही. कुणी म्हणे पळाला, कुणी म्हणे दुसरीकडं जुळलं. दिवस कलताना आले, आणि नवरीनं पहिल्या एकांतात पहिला प्रश्न विचारला तो हाच, की उशीर काहून झाला.

"तं म्हने, बोरगावजवळ रस्त्यात हरनाइची वरात आडवी आली. हरनाचं लगन. नवरदेवाच्या शिंगाले बाशिंग. म्हने, आपलं लगन ते लगन आन त्याइचं थे काय नाई का, जाऊ द्या लागली वरात पुढं." मैनाबाईंचा चेहरा हलला नाही. "मी नवी पोरगी. खरं वाटलं मले. माहेरी गेली तं कौतुकानं सांगितलं. सारे इतके हसले, इतके हसले... तवापासून मले खोटं म्हटलं का अंगावर काटा येते."

"मंग खरं काय होतं?"

"नाई सांगितलं. जन्मभर इचारलं. भांडून इचारलं, गोडीनं इचारलं. दवाखान्यात शेवटी होते तवाही इचारलं. तं म्हने, मैना, वरात लय मोठी होती."

कुणी हसलं नाही. माया कप खाली ठेवायला वाकली आणि वाकूनच राहिली.

"सकाळी हिनं वाचून दाखवलं. नवरदेव, लगन, घरी नाई वेळेवर... मले वाटलं, कोनाले तरी खरं सांगून गेले असंन हे. फिरत फिरत तुया कानावर आलं असंन आन तू थे असं गुंडाळून..." त्यांनी आता पौर्णिमेकडे पाहिलं, फाट्यावर उभ्या माणसानं लांबून येणाऱ्या एसटीकडे पाहावं तसं, पाटी वाचता येत नसते अजून, आपलीच असावी असं वाटत असतं.

आणि पौर्णिमेच्या जिभेवर ते आलं. खरंच आलं, तयार, पिंजलेलं, हलकं — हो मावशी, एक म्हातारे भेटले होते, ते म्हणाले देवमनभाऊ त्या दिवशी बडनेऱ्याला... काय सोपं होतं. एवढीशी थाप आणि एका बाईचा जन्मभराचा काटा निघाला असता. मी तं गादी उडवली, नवरदेव उडवला, सारा तालुका झोपवला, एवढं एक माणूस नाई झोपवू शकत का? जीभ टाळूला लागली... आणि उचलेना. उडणाऱ्या गादीवर कुणी झोपत नाही म्हणून ती सांगता येते. या थापेवर मात्र मैनाबाई झोपल्या असत्या.

"नाई मावशी. कोनीच नाई सांगितली. मनानंच लिहिली म्या."

"मनानंच."

"हाव."

"हं," मैनाबाई म्हणाल्या. एसटी समोरून निघून गेली होती. दुसऱ्या गावची होती. मग अंगावरचा कापूस झटकत, "फोकनाडात त्याइच्यावानी हायेस तू. त्याइले सांगाले लागे, लिहिता नाई आलं कधी."

"ठेवू का काढू, मावशी?"

"खाली नाव कोनाचं हाये?"

"मायं."

"मंग मले काहून इचारतं?"

रागावणं बरं होतं. रागावल्या असत्या तर माफी होती, काढून टाकणं होतं, परतीची एसटी होती. हे काय दिलं या बाईनं हातात, आणि तेही उघडं, धरायला कान नाही, मूठ नाही... पौर्णिमा मोबाइल घेऊन बसली, ते पान उघडून, अंगठा हवेत. आणि तिला कळेना की आपण घाबरलो आहोत का लहानपणी झोका सगळ्यात वर गेल्यावर पोटात व्हायचं ते होतंय.

दारात दोघी उभ्या राहिल्या. तेल्हाऱ्याच्या माणिकबाई आणि त्यांची लेक आकांक्षा. पोरीचं लग्न ठरलेलं, रुखवताची गादी न्यायला आलेल्या.

"हेच का वो दुकान," माणिकबाईंनी आत येता येताच विचारलं, "थे उडनाऱ्या गादीचं? आमच्या अथी साऱ्याइच्या मोबाइलवर हाये."

मैनाबाईंनी तयार गाद्यांतली एक पुढं ओढली. इथली रीत अशी की गादी पूर्ण शिवून ठेवत नाहीत. एक कोपरा उघडा ठेवतात, गिऱ्हाइकानं आत हात घालून, कोपरापर्यंत घालून, कापूस चाचपायचा, आणि मग त्याच्या देखत शेवटचे टाके घालायचे.

"घाल पोरी हात," त्या आकांक्षाला म्हणाल्या. सुई हातात घेतली. "कापूस माया हाये, त्याची मी सांगतो. गोठ हिची हाये. हिले इचारा."

सगळ्या बाया पौर्णिमेकडे पाहायला लागल्या, पिकल्या भुवयांच्या.

"खरं हाये का ताई थे?" माणिकबाई म्हणाल्या.

"नाई. खोटं हाये. म्या लिहिलं."

"अवो थे तं समजते," माणिकबाई म्हणाल्या, जरा रागानंच, आपल्याला कुणी बावळट समजलं म्हणून. "गादी कुठी उडते का? आमी काय पहिल्यांदाच गादी पाहून राहिलो?"

आणि आकांक्षा, हात खांद्यापर्यंत कापसात, मान खाली, जशी काही आत काहीतरी शोधत होती, ती हळूच म्हणाली —

"मंग लगन लागलं का त्याचं?"

पौर्णिमेनं तोंड उघडलं. आत काहीच नव्हतं. वेबसाइटवरची मजकुराची चौकट भरली होती तेव्हा तिनं लिहिणं थांबवलं होतं, चौकट संपते तिथं ती नेहमीच थांबायची. नवरदेव फलाटावर झोपवून, तपासनीस झोपवून, ती चहा प्यायला उठली होती. त्याच्या पुढं काय, हे तिनं पाहिलंच नव्हतं. तिला दिसायला लागलं, बडनेऱ्याची सकाळ, हळदीनं पिवळा झालेला तो हट्टी पोरगा गादीवर उठून बसलेला, डोळे चोळतो, पाटी वाचतो... आणि मग, कुणी पाठीमागून हाक मारावी तसं तिच्या ध्यानात आलं, की या सगळ्या गोष्टीत नवरी कुठंच नाही. एवढा कापूस पिकवला, ढगांना चकवलं, वारा सोडला, आणि अकोल्याकडे मांडवात नटून बसलेली पोरगी तिनं लिहिलीच नव्हती. साऱ्या मोबाइलांवर लोक हसत होते आणि ती तिकडे बसलेली होती, सावल्या लांबत होत्या, कुणी म्हणत होतं पळाला.

मैनाबाईंनी सुईत दोरा ओवायला घेतला होता; तो ओवायचा राहिला होता. त्या तिच्याकडे पाहत नव्हत्या. पण कान इकडे होता.

माहीत नाई मले... लागलं का नाई, कसा पोचला, काय सांगितलं त्यानं, तिनं काय इचारलं... खरंच माहीत नाई. आणि आठवडाभर, वर्षानुवर्षं, रिकामी जागा दिसली की तिच्या बोटांना जी घाई सुटायची, भर लवकर, काहीतरी टाक, ती आली नाही. जागा मोठी होत गेली, बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंत, मधे सगळी काळी रानं, आणि त्या रानातून एक पोरगा काखेत गादी घेऊन पळत सुटलेला तिला दिसत होता, आणि दुसऱ्या टोकाला एक पोरगी. आणि पौर्णिमा, तोंड तसंच उघडं, पोळ्याचे सगळे बैल एकदम सुटलेले, नुसती पाहत होती, त्या दोघांतल्या कुणाला आधी विचारावं ते.